घोडा, कुत्रा, शिपाई आणि चौदा मतं

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे काय येतं? निवृत्त कर्नल, एखादा उद्योगपती, नाहीतर कंपनीतला तो सेल्सचा व्हाइस प्रेसिडेंट, जो दर शनिवारी सकाळी 'क्लायंटबरोबर' असतो. स्कॉटलंडमध्ये तसं नाही. २०२२ च्या सुरुवातीला मी एडिनबराला ऑनसाईट गेलो तेव्हा घराजवळ ब्रँट्सफील्ड लिंक्स नावाचं मोकळं मैदान होतं. ऐन शहरात. तिथे कोणीही जावं, काठी-चेंडू असेल तर फुकट गोल्फ खेळावा. शेजारी कोणी कुत्रं फिरवतंय, कोणी गवतावर पसरून बिअर पितंय, मधूनच एक आजोबा निवांतपणे चेंडू टोलवतायत. आपल्याकडे शिवाजी पार्कात एकाच वेळी सतरा मॅची चालतात ना, तसं काहीसं. फक्त आरडाओरडा कमी.

आणि त्याच शहरापासून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, गलन नावाच्या समुद्राकाठच्या गावात म्यूरफील्ड आहे. जगातल्या सगळ्यात बड्या, सगळ्यात आखडू समजल्या जाणाऱ्या क्लबांपैकी एक. मैदानाचं नाव म्यूरफील्ड, क्लबचं नाव 'द ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबरा गोल्फर्स'. नावातच कडक इस्त्री आहे :) गेल्या काही महिन्यांत या क्लबबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय. मला गोल्फ धड येत नाही, त्यामुळे खेळाचं तंत्र सांगायला बसणार नाही. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सार्वजनिक मैदानात जन्मलेली एक मंडळी शतकभरात दोनदा घर बदलून, दोनदा गर्दीपासून लांब जाऊन, शेवटी स्वतःच्या गेटाआड जाते. आणि मग २०१६ साली तिथे एक मतदान होतं. पण ते पुढे.

सुरुवात १७४४ ची. म्हणजे आपल्याकडे साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज आणि पुण्यात नानासाहेब पेशवे. एडिनबराचं बंदर म्हणजे लीथ. तिथल्या मोकळ्या मैदानावर, लीथ लिंक्सवर, काही वकील, डॉक्टर, व्यापारी, सरदार मंडळी गोल्फ खेळायची. त्यांनी नगरपालिकेकडे जाऊन बक्षीस मागितलं. नगरपालिकेने मार्च १७४४ मध्ये चांदीची काठी मंजूर केली. जो जिंकेल तो वर्षभर 'कॅप्टन', आणि खेळातले तंटे त्याने सोडवायचे. स्पर्धा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या कोणालाही खुली. (कोणालाही म्हणजे अर्थात प्रवेश फी परवडणाऱ्या कोणालाही.) प्रत्यक्षात खेळले दहाच जण. मैदानावर होल पाच, ते दोनदा खेळायचे. जॉन रॅट्रे नावाच्या सर्जनने ६० फटक्यांत ते संपवले आणि तो पहिला कॅप्टन झाला.

आता स्पर्धा खुली म्हटल्यावर नियम लिहायला हवेत. तोवर प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने, तोंडी ठरवून खेळत असणार. गल्ली क्रिकेटमध्ये 'त्या बाल्कनीत गेला की आऊट' कुठे लिहिलेलं असतं? तर या मंडळींनी १३ नियम लिहिले. गोल्फचे आज हाती असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. सेंट अँड्र्यूजचा जो जगप्रसिद्ध क्लब, त्याने १७५४ मध्ये जवळपास हेच उचलले. (एडिनबरातलाच दुसरा एक क्लब आपली स्थापना १७३५ ची सांगतो. तो वाद त्यांच्यात चालू दे.)

मला हे १३ नियम फारच आवडले. एखाद्या जुन्या सिस्टिमचं पहिलं स्पेसिफिकेशन हाताला लागावं तसं वाटतं. सगळं मिळून एका पानात मावेल. चेंडू हरवला तर जिथून मारला तिथे परत जा, दुसरा टाक, आणि प्रतिस्पर्ध्याला एक फटका दे. हा आजही जवळजवळ तसाच चालतो! पावणेतीनशे वर्षं जुना कोड प्रॉडक्शनमध्ये. पाण्यात गेला तर बाहेर काढ, एक फटका दंड. होलपासून ज्याचा चेंडू लांब त्याने आधी खेळायचं. काठी मारायला खाली आणलीस आणि ती मोडली, तरी फटका धरला जाणार. हे कोणातरी भांडखोर माणसाशी प्रत्यक्ष वाद झाल्याशिवाय कोणाला सुचेल का? प्रत्येक नियमामागे एक बग रिपोर्ट आहे, फक्त तो आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

पण खरी मजा दहाव्या आणि तेराव्या नियमात आहे. दहावा म्हणतो, की चेंडू एखाद्या माणसाने, घोड्याने, कुत्र्याने किंवा आणखी कशाने अडला, तर जिथे पडला तिथूनच मुकाट्याने खेळायचा. आणि तेरावा म्हणतो, की मैदानाच्या रक्षणासाठी खणलेले चर, शाळेतल्या पोरांचे होल आणि शिपायांनी केलेल्या रेषा यांना अडथळा धरायचं नाही, चेंडू तिथून उचलून बाहेर ठेवायची मुभा आहे.

म्हणजे चित्र डोळ्यांपुढे आणा. रुबाबदार कोट घातलेले न्यायमूर्ती गोल्फ खेळतायत, आणि त्याच मैदानात पोरं खेळतायत, पलटणीची कवायत चाललीय, घोडे जातायत, कुत्री चेंडूमागे धावतायत. नियम लिहिणाऱ्यांच्या हे डोक्यातही आलं नाही की यांना हाकला. मैदान सगळ्यांचं आहे, आपण त्यातले एक, तेव्हा कुत्र्याने चेंडू अडवला तर आपणच जुळवून घ्यायचं. हे इतकं गृहीत होतं की ते नियमात शिरलं.

रॅट्रेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, थोडं विषयांतर होईल. हा गृहस्थ सर्जन, तिरंदाजीतही पटाईत. १७४५ साली त्याने परत चांदीची काठी जिंकली. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये बंड झालं. राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट लंडनच्या गादीवर हक्क सांगत सैन्य घेऊन उतरला. सप्टेंबरमध्ये एडिनबराजवळ प्रेस्टनपॅन्सला लढाई झाली, आणि जखमींवर उपचार करायला रॅट्रेला बोलावणं आलं. गेला तो राजपुत्राचा सर्जन म्हणून सैन्याबरोबरच राहिला. इंग्लंडात डर्बीपर्यंत स्वारी, तिथून माघार, आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या मैदानात सगळं संपलं. रॅट्रे कैद झाला. बंडखोरांना धडाधड फाशी देण्याचे दिवस होते ते. त्याला सोडवायला धावून आला डंकन फोर्ब्स. हा स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश, सरकारपक्षाचा खंदा माणूस, आणि लीथच्या मैदानावरचा जुना भिडू. एक जण राजाच्या बाजूचा, दुसरा बंडखोरांच्या. रॅट्रेला पुढे लंडनला नेऊन आणखी काही महिने अडकवून ठेवलं, पण जानेवारी १७४७ मध्ये तो सुटला. आणि १७५१ मध्ये पठ्ठ्याने तिसऱ्यांदा काठी जिंकली!

'नेटवर्किंग' हा शब्द नको तितका वापरून गुळगुळीत झालाय, पण त्याचं याहून जबरदस्त उदाहरण मला माहीत नाही. आणि क्लब म्हणजे नक्की काय असतं, हेही इथेच दिसतं. आतला माणूस बंडखोर असला तरी आपला. बाहेरचा मात्र बाहेरचा.

कारण खुली स्पर्धा फार टिकली नाही. १७६४ मध्ये मंडळींनी नगरपालिकेकडून ठरवून घेतलं, की चांदीची काठी फक्त सभासदांसाठी, आणि सभासद कोण हे आम्ही ठरवणार. वीस वर्षांत 'कोणीही' चं 'आम्ही म्हणू तो' झालं. १७६८ मध्ये लीथला त्यांनी स्वतःची इमारत बांधायला घेतली. गोल्फइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व जेवणाला आणि क्लॅरेट वाइनला होतं. जेवणाच्या टेबलावर पैजा लागायच्या आणि वहीत रीतसर नोंदल्या जायच्या. गणवेश होता, लाल कोट. १७७६ मध्ये एका लेफ्टनंटसाहेबांना पाच वेळा गणवेश न घालता खेळल्याबद्दल सहा पाइंट दारूचा दंड झाल्याची नोंद आहे. त्यांनी गुन्हा कबूल केला म्हणून दंड कमी केला म्हणे.

१८०० साली नगरपालिकेची सनद मिळाली, नावाला 'ऑनरेबल' लागलं. आणि तीसेक वर्षांत मंडळी कर्जात बुडाली. इमारत विकली, भिंतीवरची चित्रंसुद्धा विकली, आणि काही वर्षं क्लब जवळजवळ बंदच होता. १८३६ मध्ये पुन्हा उभा राहिला तो लीथ सोडून, आणखी पूर्वेला मसलबराच्या मैदानावर. लीथचं मैदान फार गर्दीचं झालं होतं. मसलबरालाही मैदान सार्वजनिकच, चक्क घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत. आणि तिथे एक नोंद आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. डिसेंबर १८१० मध्ये मसलबराच्या दुसऱ्या एका गोल्फ क्लबने ठरवलं, की १ जानेवारीला गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांची गोल्फ स्पर्धा घ्यायची. पहिलं बक्षीस मासे नेण्याची नवी टोपली, त्याखालोखाल बार्सिलोनाचे रेशमी रुमाल. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची इतिहासातली ही पहिली नोंद. आपल्या कोळणी टोपली बाजूला ठेवून, पदर खोचून गोल्फ खेळतायत असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी एकटाच हसलो. खेळ 'बायकांना झेपणार नाही' असं पुढे दोनशे वर्षं ज्यांनी म्हटलं, त्यांनी पाठीवर टोपलीभर मासे घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या या बायका बघितल्या नसाव्यात.

१८७२ मध्ये प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज आणि ही ऑनरेबल कंपनी, अशा तीन क्लबांनी दहा-दहा पौंड घालून तीस पौंडांची चांदीची सुरई केली. तीच क्लॅरेट जग, ओपन चँपियनशिपचं चषक. ओपन आळीपाळीने या तीन क्लबांच्या मैदानांवर व्हायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मसलबरालाही गर्दी झाली. नऊ होल, तीन-चार क्लब आणि गावातले लोक, सगळे एकत्र. १८९१ मध्ये मंडळी तिथूनही उठली, आणखी पूर्वेला गलनला आली. या वेळी मैदान फक्त त्यांचं. ओल्ड टॉम मॉरिसने ते आखलं. आणि जाताना ते आपल्याबरोबर ओपनही घेऊन गेले. १८९२ ची ओपन म्यूरफील्डला झाली, पहिल्यांदाच ७२ होलांची, आणि हॅरोल्ड हिल्टन नावाच्या हौशी खेळाडूने ती जिंकली. मसलबराचे लोक भयंकर चिडले. साहजिक आहे. तुमच्या चाळीतला गणपती कोणीतरी उचलून स्वतःच्या बंगल्यात नेला तर?

इथून पुढे दहाव्या आणि तेराव्या नियमाची गरजच उरली नाही. शिपाई नाहीत, पोरं नाहीत, घोडे नाहीत.

मैदान मात्र अफलातून आहे, हे मान्य करायलाच हवं. १९२० च्या दशकात हॅरी कोल्टने त्याची फेररचना केली. पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या दिशेने गोल फिरतात, पुढचे नऊ त्यांच्या आतून उलट दिशेने. त्यामुळे समुद्रावरचा वारा दर दोन-तीन होलांनी वेगळ्या बाजूने अंगावर येतो. एकदा वाऱ्याचा अंदाज बांधला आणि त्यावर निभावून नेलं, असं होतच नाही. एखाद्या अल्गोरिदमला मुद्दाम वाईटात वाईट इनपुट द्यावा तसं. तळं नाही, फारशी झाडं नाहीत. सुमारे दीडशे बंकर, उंच गवत आणि वारा. लपवाछपवी नाही, जे आहे ते समोर दिसतं, तरी माणूस अडकतो. जॅक निकलसने १९६६ ची ओपन इथे जिंकली, ती चार दिवसांत ड्रायव्हर फक्त सतरा वेळा बाहेर काढून. त्याला जागा इतकी आवडली की ओहायोत स्वतः बांधलेल्या मैदानाला त्याने नाव दिलं म्यूरफील्ड व्हिलेज. १९८७ मध्ये निक फाल्डोने शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये काढले. एकही बर्डी नाही, एकही चूक नाही. इतका कंटाळवाणा आणि इतका थोर डाव विरळा. आपल्या सुनील गावसकरला आवडला असता.

मैदानाला लागूनच ग्रेवॉल्स नावाचं एक घर आहे, १९०१ मध्ये बांधलेलं. आर्किटेक्ट एडविन लट्यन्स. हो, तोच, पुढे नवी दिल्ली बांधणारा.

आणि क्लबचा स्वभाव? इथे सभासद 'फोरसम' खेळतात, म्हणजे चौघांत दोनच चेंडू, जोडीदारांनी आळीपाळीने मारायचा. खेळ झपाझप होतो. सकाळी अठरा होल, मग कोट-टाय घालून भरपेट जेवण, मग पुन्हा अठरा. वकील, न्यायाधीश, बँकवाले, एडिनबराची सगळी जुनी बडी घराणी. १९६८ ते १९८३ इथे पॅडी हॅनमर नावाचे नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन सेक्रेटरी होते. त्यांच्या तिरसटपणाचे किस्से आपल्या पुणेरी पाट्यांच्या तोडीचे आहेत. १९८० मध्ये टॉम वॉटसनने इथे ओपन जिंकली. त्या रात्री जेवणानंतर, उजेड होता म्हणून, तो आणि बेन क्रेनशॉ जुन्या लाकडी दांड्याच्या काठ्या घेऊन गंमत म्हणून एक-दोन होल खेळायला बाहेर पडले. हॅनमर तरातरा आले आणि परवानगीशिवाय मैदानात पाय ठेवल्याबद्दल दोघांना झापलं. काही तासांपूर्वी याच मैदानावर जगज्जेता झालेल्या माणसाला! मला हा किस्सा वाचून हॅनमरबद्दल आदरच वाटला, खोटं कशाला बोलू. नियम सगळ्यांना सारखा.

फक्त 'सगळ्यांना' मध्ये बायका नव्हत्या.

बायका पाहुण्या म्हणून खेळू शकत होत्या. ब्रिटन-आयर्लंड विरुद्ध अमेरिका अशी बायकांची कर्टिस कप स्पर्धा १९५२ आणि १९८४ मध्ये इथेच झाली. १९५२ मध्ये तर यजमानांनी तो कप पहिल्यांदा जिंकला तो याच मैदानावर. पण सभासदत्व नाही. कायद्याने यात गैर काही नव्हतं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही फक्त पुरुषांचा किंवा फक्त बायकांचा क्लब चालवायला मुभा आहे. २०१३ मध्ये ओपन म्यूरफील्डला आली तेव्हा स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड याच कारणासाठी तिकडे फिरकले नाहीत. २०१४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या क्लबने बायकांना दार उघडलं. दबाव वाढत गेला आणि २०१६ मध्ये म्यूरफील्डने सभासदांचं मतदान घेतलं.

मतदानाआधी विरोधातल्या ३३ सभासदांचं एक पत्र बाहेर आलं. त्यातली कारणं: खेळ हळू होईल, फोरसमची परंपरा मोडेल, आणि बायकांना आमची दुपारच्या जेवणाची पद्धत मानवणार नाही. जेवण! रॅट्रेचे वारस २०१६ मध्ये जेवणावर येऊन अडले होते.

१९ मे २०१६ ला निकाल लागला. मत दिलं ६१६ जणांनी. बाजूने ३९७, विरोधात २१९. म्हणजे ६४ टक्के लोकांना बायका हव्या होत्या. पण क्लबचा नियम दोन तृतीयांश बहुमताचा, म्हणजे ४११. चौदा मतं कमी पडली. (हाउसिंग सोसायटीच्या एजीएममध्ये लिफ्टचा ठराव ज्यांनी पडताना बघितलाय त्यांना ही कळ समजेल.) आणि काही तासांत ओपन चालवणाऱ्या आर अँड ए ने जाहीर केलं, की यापुढे म्यूरफील्डला ओपन नाही.

ऑफिसात आमच्या टीममध्ये एक स्थानिक टेस्टर होती, लहानपणापासून गोल्फ खेळणारी. तिच्याशी यावर खूप बोललो. मी आपली टिपिकल बाजू घेतली, की खाजगी क्लब आहे, कोणाला घ्यायचं ती त्यांची मर्जी. ती म्हणाली, बरोबर आहे, मला तिथे सभासद व्हायचंही नाही. पण मग ओपनही मागू नका. ओपन देशाची आहे, तिच्यासाठी रस्ते अडवतात, पोलीस लागतात, अख्खा देश बघतो. खाजगी राहायचं तर पूर्ण खाजगी राहा.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. मंडळी गर्दीपासून दोनदा पळाली, पण पळताना गर्दीची सगळ्यात मोठी जत्रा बरोबर घेऊन आली. आणि १२५ वर्षांनी तीच जत्रा त्यांना नडली. रस्त्यावरच्या घोषणांनी, अग्रलेखांनी जे झालं नाही ते ओपन गेल्यावर झालं. दहा महिन्यांत, मार्च २०१७ मध्ये, पुन्हा मतदान झालं. बाजूने ४९८, विरोधात १२३. टक्के ८०.२. बहुतेक तेच सभासद, तेच जेवण. मधल्या काळात सगळ्यांना समतेचा साक्षात्कार झाला असेल असं मला तरी वाटत नाही. ओपनशिवाय म्यूरफील्ड म्हणजे एक सुंदर मैदान आणि उत्तम जेवण, एवढंच उरतं, हे कळलं असावं. तरी १२३ जणांना ती किंमत मान्य होती. त्यांच्या हट्टाला, तत्त्व म्हणून, सलाम ठोकावासा वाटतो आणि त्याच वेळी डोक्याला हातही लावावासा वाटतो.

जुलै २०१९ मध्ये पहिल्या १२ बायका सभासद झाल्या. स्थापनेनंतर २७५ वर्षांनी. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लीथ लिंक्सवर जॉन रॅट्रेचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. मी बघून आलो. ते मैदान आता साधी बाग आहे. गोल्फ नाही. पोरं फुटबॉल खेळत होती आणि एक कुत्रं चौथऱ्याशी वास घेत होतं. दहावा नियम अजून पाळला जातोय म्हणायचा.

पुरुषांची ओपन २०१३ नंतर २०२५ पर्यंत तरी म्यूरफील्डला परत आलेली नव्हती. बायकांची मात्र आली, ऑगस्ट २०२२ मध्ये, पहिल्यांदाच. शेवटच्या दिवशी, रविवारी, ती टेस्टर मला घेऊन गेली. दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली बुहाय पाच फटक्यांची आघाडी घेऊन उतरली होती. पंधराव्या होलला तिची ट्रिपल बोगी झाली, आघाडी गेली, आणि कोरियाच्या इन जी चुनशी बरोबरी. मग प्लेऑफ, अठरावा होल पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा बरोबरी. दुसऱ्यांदा बरोबरी. तिसऱ्यांदाही. रात्रीचे नऊ वाजत आले, उजेड झपाट्याने कमी होत होता, आणि चौथ्या वेळी बुहायचा चेंडू ग्रीनच्या कडेच्या बंकरमध्ये गेला. वाळूतून तिने तो असा काढला की होलपासून हातभर अंतरावर येऊन थांबला. हजारो लोक गप्प. तिने पट घातला तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि चेंडू नीट दिसतही नव्हता.

घरी पोचायला साडेअकरा झाले. सोमवारी सकाळी रिलीज होतं.